विश्लेषण : घराच्या सौद्यात तुमच्या बाजूचा वकील कोण? यवतमाळमध्ये इसार देण्याआधी हे पाहणे का गरजेचे?

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघाला, अंगठा उमटला, दस्ताला क्रमांक पडला आणि ‘सूची क्रमांक दोन’ची प्रत हातात आली, की घर आपले झाले असे बहुतेक कुटुंबे धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘समीउल्ला विरुद्ध बिहार राज्य’ या प्रकरणात हा समज पुन्हा एकदा खोडून काढला. न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले, की दस्ताची नोंदणी ही व्यवहार झाल्याची नोंद आहे, मालकीची हमी नाही. देशातील दिवाणी दाव्यांपैकी सुमारे ६६ टक्के दावे मालमत्तेचे असल्याचा अंदाजही या निकालात आला आहे. याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने तुकडेबंदी कायद्यात अध्यादेशाने मोठी सवलत दिली आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांचे रखडलेले सौदे पुन्हा हलू लागले.

यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्ह्यात प्लॉट, घर किंवा फ्लॅट घेऊ पाहणाऱ्यांसाठी या दोन घडामोडींचा एकत्र अर्थ काय? मालकी तपासण्याची जबाबदारी सरकारची नाही, ती खरेदीदाराची आहे. आणि खरेदीदार हे काम ज्याच्यावर सोपवतो तो वकील बहुतेक वेळा सौदा ठरून इसार दिल्यानंतर शोधला जातो. कित्येकदा शोधलाच जात नाही.

नोंदणी कार्यालय मालकी तपासत नाही का?

नाही. नोंदणी कायदा १९०८ चा आहे. दस्त करून देणारी व्यक्ती हजर आहे का, तिची ओळख पटली का, तिने सही केल्याचे कबूल केले का, मुद्रांक शुल्क भरले का, हे निबंधक पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हा त्याच्या चौकशीचा विषय नाही. तमिळनाडूने विक्रेत्याचा मूळ मालकीदस्त दाखवल्याशिवाय नोंदणी करू नये, असा नियम केला होता. एप्रिल २०२५ मध्ये ‘के. गोपी’ प्रकरणात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. बिहारनेही २०१९ मध्ये विक्रेत्याच्या नावाची महसुली नोंद दाखवणे सक्तीचे केले होते. तो नियम आता वर उल्लेखलेल्या निकालाने गेला.

सातबारा उतारा हातात असला तरी तेवढ्याने भागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद ‘खोटी ठरेपर्यंत खरी’ मानली जाते. म्हणजे ती गृहीतक आहे. सातबारा हा मुळात महसूल कोणाकडून वसूल करायचा यासाठीचा कागद असून फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ तर त्याहून दुबळा, कारण ती घरपट्टीची आकारणी आहे. इंग्लंडमध्ये सरकारी जमीन नोंदवहीत नाव असले की मालकीमागे सरकार उभे राहते. आपल्याकडे मालकी म्हणजे दस्तांची साखळी. कोणी कोणाला विकले, कोण वारले, कोणाला वाटणी मिळाली, कोणाची सही राहिली, हे कडीकडीने जुळले तर मालकी स्वच्छ. मधली एक कडी तुटली, तर शेवटच्या खरेदीदाराने कितीही रीतसर पैसे मोजले असले तरी त्याला विक्रेत्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही.

मग सौद्यातील बाकीची माणसे कोणासाठी काम करतात?

समजा, यवतमाळच्या लोहारा भागात एक शिक्षक दांपत्य दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरचे बांधलेले घर घेत आहे. सौद्याच्या टेबलाभोवती पाच-सहा जण असतात. दलालाला दलाली सौदा झाला तरच मिळते. तहसील परिसरात बसणारा अर्जनवीस किंवा दस्तलेखक दस्त सुबक लिहून देतो आणि चलन भरण्यापासून वेळ घेण्यापर्यंत सगळे करून देतो. पण विक्रेता सांगेल तोच मजकूर तो उतरवतो. मागचे दस्त तपासणे त्याच्या कामात येत नाही, आणि त्याचा मोबदला पाहता ती अपेक्षाही रास्त नाही. विक्रेत्याचा वकील विक्रेत्याचा असतो. लेआउटवाल्याचा वकील लेआउटवाल्याचा.

खरी गफलत होते ती बँकेच्या वकिलाबाबत. ‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद स्वच्छ असणार’ हे वाक्य घर घेणाऱ्या जवळपास प्रत्येक कुटुंबात ऐकू येते. बँकेच्या पॅनेलवरचा वकील कागद तपासतो हे खरे, त्याचे शुल्कही बहुधा कर्जदाराच्याच खिशातून जाते. पण अहवाल बँकेच्या नावे असतो आणि बहुतेक वेळा कर्जदाराला तो दाखवलाही जात नाही. बँकेचा प्रश्न एवढाच, की हप्ते थकले तर या तारणातून रक्कम वसूल होईल का? घराच्या किमतीपेक्षा कर्ज कमी असते, शिवाय पगारदार कर्जदार स्वतः जामीनदारांसह बांधलेला असतो. मालकीत खोट निघाली तरी हप्ता थांबत नाही. घर जाते आणि कर्ज मागे राहते, ते खरेदीदाराच्या नावावर.

पॅनेल वकिलाचा सल्ला चुकला तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधील ‘सीबीआय विरुद्ध के. नारायण राव’ या निकालात आहे. विजया बँकेच्या गृहकर्ज प्रकरणांत मालकीबाबत चुकीचा अभिप्राय दिल्याचा आरोप एका पॅनेल वकिलावर होता. फसवणुकीच्या कटात त्याचा प्रत्यक्ष सहभाग दिसत नसताना केवळ अभिप्राय चुकला म्हणून फौजदारी खटला चालणार नाही, असे न्यायालयाने सांगून प्रकरण रद्द केले. थोडक्यात, ज्या अहवालावर विसंबून लोक निश्चिंत होतात, तो त्यांच्यासाठी लिहिलेला नसतो आणि चुकला तर लिहिणाऱ्याला फौजदारी जबाबदार धरणेही सोपे नसते.

‘दोघांचा मिळून एकच वकील करू, खर्च वाचेल’ हाही तालुक्याच्या गावांत नेहमीचा तोडगा. सगळे सुरळीत असेल तर तो चालून जातो. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांनुसार एका पक्षकाराला सल्ला दिलेला वकील त्याच वादात समोरच्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. शिवाय पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन त्याच्यावर असते. विक्रेत्याने त्याला खासगीत सांगितले, की ‘बहिणीचा हिस्सा अजून बाकी आहे’, तर हा वकील खरेदीदाराला ते सांगणार कसे? न सांगितले तर खरेदीदाराचा विश्वासघात, सांगितले तर विक्रेत्याचा.

यवतमाळचा कागद वाचायला इथलाच वकील का हवा?

मुलगा पुण्यात नोकरीला, तिथल्या ओळखीच्या वकिलाने व्हॉट्सॲपवर कागद पाहून ‘ठीक आहे’ म्हटले, हे चित्र आता दुर्मीळ नाही. ‘एक राज्य, एक नोंदणी’ योजनेमुळे दस्त कुठूनही नोंदवण्याची दिशा राज्याने धरल्यावर ते आणखी वाढेल. पण जमिनीचा इतिहास गावोगावी वेगळा असतो, आणि विदर्भात तर कायदाही वेगळा आहे.

कुळकायद्याचेच घ्या. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा चालतो. यवतमाळसह विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र विदर्भ कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावरचे निर्बंध या कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहेत आणि कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरही अटी आहेत. घरासाठीचा प्लॉट आज अकृषक असला तरी त्याखालची मूळ जमीन कुळाची होती का, असेल तर तेव्हाची परवानगी कुठे आहे, हे पाहावेच लागते.

शहरातील जुन्या वस्त्यांत प्रश्न वेगळा. तिथे सातबारा नसतो, ‘आखीव पत्रिका’ असते. पुण्या-मुंबईचे लोक जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, ती हीच. त्यावर शीट क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि सत्ताप्रकार असतो. जागा नझूल म्हणजे शासकीय मालकीची आणि भाडेपट्ट्यावर दिलेली असेल, तर घर विकणाऱ्याच्या हाती पूर्ण मालकी नसते. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण, हस्तांतराची परवानगी, थकीत भुईभाडे हे सगळे पाहावे लागते. नागपूर आणि अमरावती विभागांतील अशा जागा मालकी हक्काने करून देण्यासाठी राज्याने विशेष अभय योजना आणली. त्यात अर्ज केलेला असणे आणि आदेश हातात असणे यांत फरक आहे. सौद्याच्या बोलणीत मात्र ‘फ्रीहोल्डला टाकले आहे’ एवढ्यावरच भाव वाढलेला असतो.

शहराला जोडल्या गेलेल्या वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा, पिंपळगाव यांसारख्या भागांत ग्रामपंचायतीच्या काळातले लेआउट आहेत. तेव्हाचा नकाशा मंजूर करणारा अधिकारी सक्षम होता का, मंजुरी तात्पुरती होती की अंतिम, उद्यानासाठी सोडलेल्या खुल्या जागेतच नंतर प्लॉट पाडले का, हे तपासायला नगर परिषद आणि नगररचना या दोन्ही कार्यालयांत जावे लागते. व्हॉट्सॲपवर हे दिसत नाही.

सर्वांत नाजूक विषय आदिवासी जमिनीचा. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. पण निर्बंध तेवढ्या गावांपुरते नाहीत. महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार राज्यात कुठेही आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि त्या मंजुरीसाठी शासनाची मान्यताही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा झाला. अडचण अशी, की अशी जमीन तीन हातांनी फिरून तिच्यावर लेआउट पडला असेल, तर आजच्या उताऱ्यावर आदिवासी खातेदाराचे नाव दिसतही नाही. ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या फेरफारात असते. पाठीमागचे फेरफार एकेक करून काढणारा वकीलच तिथपर्यंत पोहोचतो.

भूदानाच्या जमिनीचेही तसेच. शेजारच्या पवनारला विनोबांचा आश्रम असल्याने या भागात भूदानाची आठवण आदराची आहे, पण दानात मिळालेली जमीन कसण्यासाठी दिलेली असते. विदर्भात तिला १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू होतो आणि ती मोकळेपणाने विकता येत नाही. मध्य प्रदेशचा कायदा इथे कसा, असे नवख्याला वाटेल. १९५६ पर्यंत हा जिल्हा त्याच राज्यात होता. त्याही आधीचे दस्त ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ काळातले, आणि १९०५ पूर्वी जिल्ह्याचे नावच ‘वणी’ होते. जुने कागद वाचताना हा इतिहास कामाला येतो. वणी परिसरात आणखी एक पाहणी करावी लागते : जमीन कोळसा क्षेत्र संपादन कायदा, १९५७ खाली अधिसूचित झालेली आहे का? निम्न पैनगंगा प्रकल्प आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग यांच्या आसपास भूसंपादनाची नोंद पाहणेही ओघाने आले.

तुकडेबंदीच्या सवलतीने सगळे साफ झाले का?

१२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने गुंठ्यांच्या नोंदणीला लगाम बसला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवले, तरी गोंधळ संपला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमितीकरणाचे शुल्क बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्के झाले. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील, प्रामुख्याने शहरी व रहिवासी क्षेत्रातील तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट मोकळी केली.

यातून एक दोष दूर होतो : प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यांपेक्षा, लहान तुकडा विकला हा. विक्रेत्याच्या भावाची सही नव्हती, जमीन वर्ग दोनची होती किंवा रस्ताच कागदावर नव्हता, तर ते दोष जिथल्या तिथे राहतात. बांधकाम परवानगीही आपोआप मिळत नाही. तसेच पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून झालेले जुने सौदे या सवलतीमुळे आपोआप खरेदीखत ठरत नाहीत. त्यांना नोंदणीकृत दस्त लागणारच. ‘आता कायदाच बदलला’ या वाक्यावर प्लॉट विकला जात असेल, तर नेमके कोणते कलम बदलले हे सांगू शकणारा वकील सोबत असावा.

चांगला शोध अहवाल कसा ओळखायचा?

वकिलाचे खरे काम दस्त लिहिणे नाही, शोध घेणे आहे. साधारण तीस वर्षांचा शोध घेण्याची रीत आहे. तिच्यामागे कारण आहे : गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत कायद्याने तीस वर्षे ठेवली आहे. आता मेख अशी, की नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्रासाठी २००२ पासूनच्या नोंदी दाखवते. त्याआधीचे दस्त दुय्यम निबंधक कार्यालयातील सूचीच्या पुस्तकांत आहेत. ‘ऑनलाइन सर्च मारला, काही नाही’ असे अर्ध्या तासात सांगणाऱ्याने तीसपैकी जेमतेम अडीच दशके पाहिली आहेत. तीही नावाचे स्पेलिंग बरोबर जुळले असेल तर!

गहाणाची पाहणीही अशीच थरांची आहे. मूळ दस्त बँकेत ठेवून काढलेल्या कर्जाची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करणे २०१३ पासून आवश्यक झाले. बँका ‘सेरसाई’ या केंद्रीय नोंदवहीतही तारण नोंदवतात. पतसंस्था किंवा सेवा सहकारी सोसायटीचा बोजा मात्र सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात सापडतो. दाव्यांसाठी ई-कोर्ट्सवर विक्रेत्याच्या आणि त्याच्या भावंडांच्याही नावाने शोध घ्यावा लागतो, आणि फेरफारावरची अपिले उपविभागीय अधिकाऱ्याकडे चालतात, ती दिवाणी न्यायालयाच्या यादीत दिसत नाहीत.

वारस हा सर्वांत जास्त सौदे बिघडवणारा विषय. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात पक्के केले. लग्न होऊन आदिलाबादला किंवा नांदेडला गेलेल्या बहिणीने ‘मला काही नको’ असे तोंडी सांगितले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तिने काहीच सोडलेले नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, किंवा खरेदीखतावर तिची सही.

दूर राहणाऱ्या मालकाच्या वतीने मुखत्यार विकत असेल, तर मूळ मालक जिवंत आहे का, याची खात्री त्याच दिवशी करावी लागते. मालक वारला की मुखत्यारपत्र संपते. नोंदणीच्या वेळी मुखत्यार तसे घोषणापत्र देतो, पण खोट्या घोषणेबद्दल त्याला शिक्षा झाली तरी खरेदीदाराचे पैसे त्यामुळे परत येत नाहीत. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि ताब्याने मालकी जात नाही, हे तर २०११ च्या सूरज लॅम्प निकालापासून ठरलेलेच आहे.

अहवालात या सगळ्याचा तारखेनिशी उल्लेख हवा : काय पाहिले, कुठे पाहिले, काय मिळाले नाही. ‘मालकी निर्वेध व विक्रीयोग्य आहे’ एवढा एकच परिच्छेद असलेला कागद अहवाल म्हणून स्वीकारू नये. त्यासोबत दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणे हा जुना आणि आजही उपयोगी मार्ग. पण नोटीस जिथे मालमत्ता आहे तिथे वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात हवी, नाहीतर ती फक्त फाईलची शोभा. जमिनीची प्रत्यक्ष हद्द मात्र वकिलाला दिसत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि ‘क’ प्रत वेगळी घ्यावी लागते.

वकील निवडताना विचारायचे काय?

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. त्यामुळे ‘अमुक तालुक्यातील क्रमांक एक’ असे फलक शोधण्यात अर्थ नाही, आणि कोणी तशी जाहिरात करत असेल तर तीच धोक्याची खूण. ओळखीतूनच नाव मिळते. मात्र ते नाव दलालाकडून किंवा विक्रेत्याकडून आलेले नसावे, एवढे पथ्य पाळावे. सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे का, याची खातरजमा करता येते आणि ती विचारण्यात कसला अपमान नाही.

तालुक्याच्या न्यायालयात एकच वकील जामिनापासून घटस्फोटापर्यंत सर्व पाहतो. घराच्या व्यवहारासाठी दिवाणीइतकेच महसुली काम करणारा हवा, म्हणजे जो तहसीलदार आणि उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे फेरफाराची प्रकरणे लढवतो. त्याला पटवाऱ्याचे दप्तर वाचता येते. (निवृत्त पटवाऱ्याचे मतही मोलाचे असते, पण अहवालावर त्याची सही चालत नाही.)

पहिल्या भेटीत चार गोष्टी थेट विचाराव्यात. या मालमत्तेत किंवा या विक्रेत्यासाठी याआधी काम केले आहे का? २००२ पूर्वीची पुस्तके कोण पाहणार, स्वतः की कारकून? अहवाल माझ्या नावे, सही आणि सनद क्रमांकासह मिळेल का? आणि, शेवटचा सौदा सोडून द्यायला पक्षकाराला कधी सांगितले होते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेच काही सांगून जाते. शुल्क कामाप्रमाणे ठरवून पावती घ्यावी. सौदा पार पडला तरच टक्केवारीने मोबदला, असा करार वकिलाला दलालाच्या जागी नेऊन बसवतो.

हे सगळे इसाराच्या आधी. इसारचिठ्ठीवर सही झाली, एक-दोन लाख रुपये गेले, की वकिलाच्या हाती उरते ती फक्त डागडुजी. पाहणी पूर्ण होईपर्यंत थांबायला विक्रेता तयार नसेल, तर ‘मालकी सदोष आढळल्यास इसार पूर्ण परत’ हे वाक्य चिठ्ठीत असल्याशिवाय रक्कम देऊ नये. मंजूर प्रकल्पात फ्लॅट किंवा प्लॉट घेताना तर रेरा कायद्याचे कलम १३ मदतीला आहे. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही.

विकणाऱ्याला वकील कशाला?

पैसे तर त्याला मिळणार आहेत, मग त्याला कसली भीती, असे वाटते. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्याखाली ‘ठरल्याप्रमाणे विक्री करून द्या’ असा आदेश देणे हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग उरला नाही. घाईत लिहिलेल्या इसारचिठ्ठीत उर्वरित रकमेची तारीख नसेल, तर खरेदीदार दावा लावून घर वर्षानुवर्षे अडकवून ठेवू शकतो. खरेदीखतातले हमीचे कलमही विक्रेते न वाचताच सही करतात. ‘भविष्यात कोणतीही हरकत निघाल्यास संपूर्ण नुकसानभरपाई’ ही जबाबदारी त्याच्यानंतर त्याच्या वारसांपर्यंत, त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरती, पोहोचू शकते.

रोखीचा मुद्दा दोघांनाही भोवतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दोन लाख किंवा अधिक रोख दिल्याचा उल्लेख दाव्यात किंवा दस्तात आला तर आयकर विभागाला कळवावे, असे न्यायालये आणि निबंधकांना सांगितले. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराने एक टक्का करकपात करायची असते. भांडवली नफ्याचा हिशेब मात्र करसल्लागाराकडे न्यावा.

वकिलाचीच चूक झाली तर?

ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. गांधी प्रकरणात वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. उरतात दोन मार्ग. गैरवर्तन असेल तर वकील कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. त्यात ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होऊ शकते, पण बुडालेले पैसे मिळत नाहीत. पैशांसाठी निष्काळजीपणाचा दिवाणी दावा, तोही साधारण तीन वर्षांच्या मुदतीत. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो : सल्ला लेखी आहे का आणि तो तुमच्या नावे आहे का?

विकासकाकडून घेतलेल्या घरात स्थिती थोडी बरी. रेराच्या कलम १८(२) नुसार जमिनीच्या मालकीतील दोषामुळे नुकसान झाले तर विकासकाला भरपाई द्यावी लागते आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा कायदेशीर मालकी अहवालही पाहायला मिळतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत घरे-प्लॉट असलेल्या प्रकल्पांना मात्र रेराची नोंदणी सक्तीची नाही. आणि लोहाऱ्यातल्या त्या दांपत्यासारखे जे आधीच्या मालकाकडून जुने घर घेतात, त्यांच्या विक्रेत्याला तर हे कलम लागूच होत नाही.